दरबार कलम, बाजार कलम

आमच्या घरातल्या लाकडी पेरूवर दातांची खूण आहे. ती माझी, असं आई म्हणते. माझ्या मते ती धाकट्या भावाची आहे. आईच्या रुखवतात वेंगुर्ल्याहून आलेली फळांची परडी डोंबिवलीच्या दोन खोल्यांमध्ये, काचेच्या कपाटात, चाळीसेक वर्षं सुखानं नांदली. आंबा, पेरू, सीताफळ, केळ्यांची फणी, काजूचं बोंड आणि एक सफरचंद. दिवाळीची आवराआवर निघाली की ती बाहेर यायची आणि फळं पुसायचं काम आम्हा पोरांकडे लागायचं. एका वर्षी सफरचंदाचा देठ हरवला. वडिलांनी तिथं काडेपेटीतली काडी खोचली. ती अजून तशीच आहे.

परडी कुठली, असं पाहुण्यांनी विचारलं की आई एका शब्दात सांगायची, "वाडीची." दक्षिण कोकणात वाड्या शेकड्यानं आहेत, पण नुसतं 'वाडी' म्हटलं की ती सावंतवाडी.

या फेब्रुवारीत मी तो पेरू रुमालात गुंडाळून वाडीला नेला. तो कशाचा आहे, कसा केला असेल आणि अजून तसे होतात का, एवढंच बघायचं होतं. एका दिवसाचं काम होतं. त्याला तीन दिवस लागले, कारण पेरूच्या मागोमाग पत्ते आले, पत्त्यांच्या मागोमाग राजवाडा आला आणि राजवाड्याच्या मागोमाग एक महामार्ग आला.

*

सावंतवाडी रोड नावाचं स्टेशन वाडीत नाही, मळगावात आहे. तिथून रिक्षानं गावात शिरलं की आधी तळं दिसतं. मोती तलाव. गाव त्याच्याभोवती बसलेलं आहे, पाठीशी नरेंद्र डोंगर. तळ्याच्या काठाला भोसल्यांचा राजवाडा, लाल चिऱ्याचा, झाडांत अर्धा लपलेला. संध्याकाळी कठड्यावर पाय सोडून बसलेली माणसं, भेळेच्या गाड्या, क्लासहून परतणाऱ्या मुलींच्या सायकली. तळ्यापासून चालत काही मिनिटांवर चितारआळी.

आळी लांबून ओळखू येते ती रंगानं. दुकानांच्या दारांवर पाळण्याला बांधायची चिमणाळी लोंबत असतात, हिरवे पोपट आणि लाल चोची. उंबऱ्याशी पांगुळगाडे उभे. मागच्या भिंतीला देव्हारे, चौरंग, लग्नाचे रंगीत पाट. मधल्या फळ्यांवर भातुकली : बोटभर जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, चूल आणि तिच्यावरचं पातेलं. बैलगाड्या, भोवरे, नंदी, वासुदेव. आणि सगळ्यांत पुढे, गिऱ्हाइकाच्या हाताशी, फळं. परड्यांत रचलेली, टोपल्यांत ओतलेली, एकेक सुटी. आंबे तर इतके की हापूसचा मोसम दोन महिने लवकर आल्यासारखं वाटावं.

"काय व्हया?" गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं.

आंबा उचलून मी भाव विचारला आणि सांगितलेला आकडा कानात शिरायच्या आत तोंडातून निघून गेलं, "कमी नाही का होणार?"

"होतला मगे," त्या म्हणाल्या, "पण आधी बघा तरी."

बघायला शिकवलं त्यांनीच. दुकानातल्या एका कपाटाकडे हात करून म्हणाल्या, "ह्यो वयलो कप्पो चन्नपट्टणचो. सकयलो आमचो." वरच्या कप्प्यात कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी होती, गुळगुळीत, गोल, चमकदार. खालच्या कप्प्यात वाडीची. लपवाछपवी नाही, फक्त विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारणारे फार नसतात.

फरक एकदा कळला की पुन्हा चुकत नाही. चन्नपट्टणचा रंग चरकावर चढतो. लाकडाचा तुकडा फिरत असतानाच त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते. त्यामुळे तिथल्या वस्तूला गोलाई असते आणि रंगाचे पट्टे एकसारखे असतात. वाडीचा रंग कुंचल्याचा. चितारी आधी चित्रकार, मग सुतार. नावच तसं आहे. त्यामुळे वाडीच्या आंब्याला खांद्याशी लाली असते, देठाजवळ थोडा हिरवा राहिलेला असतो, पिवळ्यावर बारीक ठिपके असतात, आणि कुठलेही दोन आंबे शेजारी ठेवले तर एक जरा जास्त पिकलेला दिसतो.

मी पिशवीतून पेरू काढला. बाईंनी तो उलटासुलटा केला, दातांच्या खुणेवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "माका काय कळणा नाय. मागल्या दारी मामा आसत, तेंका दाखवा."

*

मागच्या पडवीत सत्तरीपलीकडचे एक गृहस्थ पायांच्या पकडीत लाकूड धरून कानस मारत बसले होते. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो. पेरू त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नाही. तळहातावर घेऊन एकदा झेलला आणि म्हणाले, "पांगारो."

वजनावरून. पांगारा हा कोकणातला काटेरी पण सालस वृक्ष. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झाडून लालभडक फुलतो. बागायतीत मिरीचे वेल चढवायला तो मुद्दाम लावतात. लाकूड इतकं हलकं आणि मऊ की घरबांधणीच्या कामाचं नाही आणि जळणालाही धड नाही. नेमकं तेच खेळण्याला हवं. लहान मुलाच्या हाताला जड होत नाही, पडलं तर पायाला लागत नाही, आणि पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरते. दातही शिरतात, हे आमच्या पेरूनं सिद्ध केलंच आहे.

आता पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही. मामांच्या पडवीत आंब्याचं लाकूड जास्त होतं. आंबा जड, पण सहज मिळतो. "आंब्याचो आंबो," मामा हसले. ही कोटी त्यांनी किती गिऱ्हाइकांना ऐकवली असेल कोण जाणे, पण हसू ताजं होतं.

लाकडाचं फळ कसं होतं ते मी दीड दिवस पाहिलं. ओंडका आणला की तो लगेच कामाला येत नाही. सावलीत महिनोन् महिने सुकू द्यावा लागतो. ओलं लाकूड रंगवलं तर पुढे तडकतं, आणि नीट न सुकलेल्या पांगाऱ्याला कीड चटकन लागते. सुकलेल्या लाकडाचे करवतीनं ठोकळे पाडायचे. वाकसानं तासून ढोबळ आकार काढायचा. मग पटाशी, मग कानस, मग काचकागद. गोल फळं चरकावर होतात, पण आंब्याला बाक असतो, केळ्याला फणी असते, सीताफळाला डोळे असतात. ती हातानंच. सीताफळाचा एकेक डोळा कोरायचा, म्हणून परडीत सगळ्यांत महाग तेच. फणस त्याहून अवघड. तो आता सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

आकार आला की लांबी भरायची. पूर्वी यासाठी चिंचोक्याची खळ करत : चिंचोके भाजून टरफलं काढायची, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, त्यात खडूची पूड कालवायची. आता डब्यातली तयार लांबी मिळते. ती वाळली की पुन्हा काचकागद. मग अस्तर. मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात, मग छटा, मग ठिपके. शेवटी देठ आणि जिल्हई. रंग पूर्वी लाखेत आणि खळीत घोटलेले असत, आता बाजारातले तेलरंग असतात, आणि मोठ्या मागणीला फवाऱ्याचं यंत्रही चालतं. मामांना त्याचं सुतक नव्हतं. "फवाऱ्यान पिवळो मारूचो," ते म्हणाले, "पण पिकलेपण हातानच घालूक व्हया."

पिकलेपण घालत होती त्यांची नात. कॉलेजात शिकते, सुटीच्या दिवशी बसते. मुलगा गोव्यात कंपनीत आहे. नातीसमोर रांगेनं सफरचंदं मांडलेली होती आणि ती एकामागून एक लाल होत होती.

मला तेव्हा पहिल्यांदाच जाणवलं की आईच्या परडीतही सफरचंद होतं. कोकणात सफरचंद पिकत नाही. वाडीच्या लाकडाला मात्र ते कैक वर्षं लागतंय. त्याच्या शेजारी द्राक्षं, पेर, डाळिंब, स्ट्रॉबेरी. इथल्या मातीतलं काजूचं बोंड त्या गर्दीत एका कोपऱ्यात. मामांना विचारलं तर उत्तर सरळ होतं : मुंबईच्या माणसाला बोंड ओळखता येत नाही, तो मिरची समजतो. सफरचंद सगळ्यांना ओळखता येतं.

*

फळं ही चितारांची अगदी अलीकडची बाजू. मूळ काम देवळाचं आणि दरबाराचं : पालख्या रंगवणं, देवाचे चौरंग, पाट, मखरं. गोव्यातही हे कसब आहे. कुंकळ्ळीचं चितारी काम तिकडे प्रसिद्ध आहे. चतुर्थी जवळ आली की यांतले पुष्कळ हात गणपतीच्या शाळेत मातीला लागतात. आणि एके काळी याच आळीतून एक असा जिन्नस निघायचा, ज्याला आज सावंतवाडीबाहेरची मंडळी आधी ओळखतात. गंजिफा.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. शब्द फारसी, खेळ मध्य आशियातून आलेला. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आईन-ए-अकबरीत अकबराच्या पत्त्यांचं वर्णन येतं. मोगली डावात आठ रंग आणि ९६ पानं. हिंदुस्थानात खेळ रुजला तशी त्याची धर्मांतरं झाली म्हणा ना : गुलाम, मुकुट, तलवार या रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू, कल्कीच्या पानांवर तलवारी. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे हातातली पानं पंख्यासारखी उघडली की रंगावरूनच डाव कळावा.

खेळ डोकं पिकवणारा. पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजानं सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या. आणि १२० पानांतली कुठली पडून गेली हे लक्षात ठेवणारा जिंकतो. हा पंडितांचा खेळ, आणि दरबारी येणाऱ्या तेलंगी पंडितांकडूनच तो वाडीत आला, असं इथली परंपरा सांगते. काळ तिसऱ्या खेमसावंतांचा, म्हणजे १७५५ ते १८०३.

पान करायचं काम जवळजवळ फळाइतकंच लांबलचक. कागदाचे किंवा कापडाचे थर खळीनं एकावर एक चिकटवायचे, वर खडूचं अस्तर द्यायचं, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा, म्हणजे खेळताना बोटांच्या घामानं चित्र पुसू नये. असं १२० वेळा.

या कलेचे जाणकार गंजिफाचे दोन वर्ग सांगतात. एक दरबार कलम : हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला यांवर केलेली, सोन्यानं मढवलेली, राजांसाठी. दुसरी बाजार कलम : कागदाची, कापडाची, साध्या रंगांची, कुणीही विकत घेऊन ओसरीवर डाव मांडावा अशी. हे दोन शब्द कळले आणि माझ्या तीन दिवसांच्या भटकंतीला जणू नकाशा मिळाला. कारण तळ्याच्या काठचा राजवाडा आणि चार पावलांवरची आळी यांचं नातं या दोन शब्दांत आहे.

*

राजवाड्यातल्या दरबारात आता कलाकार बसतात. उंच छताखाली, खिडकीच्या उजेडात, ओळीनं मांडलेली बुटकी मेजं. तळहातात मावेल एवढ्या चकतीवर एक मुलगी वामनाची छत्री रंगवत होती. श्वास रोखून पाहावं असं काम. शेजारी रंगवलेल्या झाकणाच्या लाकडी पेट्या, त्यांत पूर्ण झालेले संच.

हे इथवर आलं त्याची कथा वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. छापील बावन्न पत्ते आले आणि गंजिफा संपला. एका बाजूला चार-दोन आण्यांचा जोड, दुसऱ्या बाजूला महिनोन् महिने खपून केलेली १२० पानं. गिऱ्हाईक कुठे जाणार हे सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत अशी वेळ आली, की गंजिफा रंगवणं नीट जाणणारे एकच वृद्ध चितारी गावात उरले : पुंडलिक चितारी. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना वाड्यावर बोलावलं. शिकवायला. राणीसाहेब स्वतः शिकल्या, मग गावातली तरुण मुलं शिकली आणि १९७१ मध्ये दरबारातच सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था उभी राहिली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. कुंचले थांबले नाहीत. राजवाड्याच्या काही भागात अलीकडे हॉटेल झालं आहे, आणि तिथल्या सजावटीतही हेच गोल अवतार आहेत.

मी त्या मुलीला विचारलं, "खेळता येतं?"

ती हसली. "थोडं थोडं. नियम माहीत आहेत."

"डाव मांडता?"

"एवढ्या महागाच्या पानांनी?"

मग मी आळीत, कठड्यावर, चहाच्या टपरीवर विचारत सुटलो. गंजिफा म्हणजे काय हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्याचा अभिमानही होता. खेळलेला एकही भेटला नाही. एका आजोबांना त्यांच्या आजोबांचा डाव आठवत होता. चैत्रातल्या दुपारी ओसरीवर पानं आपटल्याचा आवाज, आणि पोरांना जवळ येऊ न देणं. नियम त्यांनाही आठवेनात.

म्हणजे झालं असं. गंजिफाला बाजार उरला नाही, तेव्हा दरबारानं ती तारली. राजेपण गेलेल्या राजांनी, संस्थान विलीन झाल्यावर, हे काम केलं याचं मोल मोठं आहे. पण तारलं गेलं ते पान, खेळ नाही. आज जगभर जाणारा वाडीचा प्रत्येक संच दरबार कलमच आहे, मग तो कागदाचा का असेना, कारण तो विकत घेणारा तो चौकटीत बसवतो. फाटेल, मळेल, एखादं पान हरवेल आणि पुढच्या जत्रेला नवा जोड घेऊ, अशी बाजार कलम उरलेली नाही.

फळांचं उलटं. त्यांना कुठल्या राजानं राखलं नाही. ती टिकली कारण कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरत होतं आणि रुखवतात परडी हवी होती. कारण एसटी आळीच्या तोंडाशी थांबत होती आणि मुंबईकराला पोरांसाठी काहीतरी न्यायचं होतं. गिऱ्हाइकाला जे ओळखता येईल ते चितारी करत गेले. बोंडाचं सफरचंद झालं. परडीचं चावीला अडकवायचं आंब्याचं लोळणं झालं, मग फ्रिजच्या दाराला चिकटणारं केळं झालं, दारावरची नावाची पाटी झाली. गंजिफानं रूप राखलं आणि खेळणारे गमावले. फळांनी गिऱ्हाईक राखलं आणि रूप घालवत गेली. कोणतं नुकसान मोठं, हे मला तीन दिवसांत ठरवता आलं नाही. मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोटाक दोनय चलतत."

*

बाजारावर जगणाऱ्या कलेचं एक दुखणं असतं. तिची नाडी रस्त्याच्या हातात असते.

मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी सावंतवाडी शहरातून जात असे. गोव्याला निघालेल्या गाड्या इथे चहाला थांबत, आणि चहाचा घोट संपेतो मुलं दुकानात शिरलेली असत. बेळगावकडून आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जाणारी वाहतूकही इथूनच. आळीतली दुकानं त्या रहदारीच्या भरवशावर वाढली. मग झारापपासून पत्रादेवीपर्यंत नवा चौपदरी मार्ग झाला आणि महामार्ग शहराला वळसा घालून निघून गेला. गोव्याला जाणाऱ्याला आता वाडी लागतच नाही. फाट्यावरची पाटी तेवढी दिसते.

"हायवे गेलो," आळीत कुणालाही धंद्याचं विचारा, उत्तराची सुरुवात याच दोन शब्दांनी होते. एखादं वडीलधारं माणूस गेल्यासारखं सांगतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये अखंड सुरू झाली, तिचं स्टेशनही गावापासून लांब. आंबोलीचा रस्ता तेवढा शाबूत आहे, पावसाळ्यात धबधब्याच्या गर्दीतले काही उतरून येतात.

काही दुकानदारांनी महामार्गाच्या कडेला शाखा काढल्या. काही जण शहरांतल्या प्रदर्शनांना जातात, महिनाभराचा माल टेम्पोत घालून. मामांच्या नातीनं मोबाईलवर फोटो टाकून पुण्याच्या एका बाईंकडून बारा परड्यांची मागणी मिळवली होती. "डोहाळजेवणाला देणार आहेत," ती म्हणाली. रुखवत गेलं, डोहाळजेवण आलं. परडी दोन्हींत बसते.

सरकारी कागदही या पडवीत पोचले आहेत. २०२० मध्ये खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. रोख परदेशी प्लास्टिककडे होता. पण अक्षरशः वाचला तर मामांच्या पांगुळगाड्यालाही प्रयोगशाळेची वारी घडली असती. पडवीतल्या माणसाला ते परवडणार कसं? म्हणून आधीच सवलत आली : हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेला माल यांना त्यातून वगळलं. वाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे सावंतवाडीचं नाव लावून बाहेरचा माल विकणं हा गुन्हा. पण दुकानातल्या वरच्या आणि खालच्या कप्प्यावर मुळात नावच लिहिलेलं नसतं. कायदा नावाची राखण करतो, न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तो काय शिकवणार?

दरबार नाही आणि बाजारही नाही, अशा कलेचं काय होतं, हे बघायला मी तिसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथे ठाकर आदिवासी समाजाची घरं आहेत. चित्रकथी, म्हणजे कागदावर रंगवलेल्या चित्रांच्या पोथ्या उलगडत रामायण-महाभारत गाऊन सांगणं. शिवाय कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या. ही कला विकायच्या वस्तूंची नव्हतीच. रात्र, श्रोते आणि गाणारा गळा यांवर ती चालायची. परशुराम गंगावणे यांनी ती वाचवायला स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गव्हाणीच्या जागी पोथ्या आणि दाव्याच्या जागी दोरीला लटकलेल्या बाहुल्या, ही कल्पनाच मला वाडीच्या दोन्ही तऱ्हांहून वेगळी वाटली. राजाची वाट पाहायची नाही, रस्त्याचीही नाही. बाहुली चालवून दाखवताना मात्र तीच जुनी मागणी पुढे येते : समोर कुणीतरी बसलेलं हवं.

*

परतीची गाडी संध्याकाळची होती. सकाळी पुन्हा आळीत गेलो. मामा पडवीत नव्हते, सांधे धरले म्हणून पडून होते. नात कॉलेजात. दुकानात फक्त बाई.

मी मुद्दाम बोंडं घेतली. चार. एक पांगुळगाडा भाचीच्या मुलासाठी, आणि एक सीताफळ, डोळे मोजून. करवत, वाकस, पटाशी, कानस, दोनदा काचकागद, लांबी, अस्तर, रंगाचे हात, पिकलेपण, देठ. सगळं डोळ्यांसमोर होतं. त्यांनी बेरीज सांगितली आणि मी एक अक्षर न बोलता नोटा काढल्या. मनातून थोडा गहिवरही आला असावा. कारागिराच्या घामाचा भाव करायचा नाही, असं काहीतरी उदात्त चाललं होतं डोक्यात.

बाई नोटा न घेता माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय ओ, कमी करा म्हणूक नाय?"

"नको. पाहिलंय मी, किती काम असतं ते."

"काम आसता ता आमका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "पण असा मुकाट्यान घेतलात, तर वस्तू आवडली काय दया इली, ता आमका कळतला कसा?"

मी ओशाळलो. म्हटलं, "बरं, मग कमी नाही का होणार?"

"नाय," त्या म्हणाल्या आणि नोटा गल्ल्यात टाकल्या.

वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून झाल्यावर त्यांनी गल्ल्यामागून एक लहानशी पुडी काढली. मामांनी ठेवली होती. पहिल्या दिवशी पेरूच्या गप्पांत मी आईच्या सफरचंदाची आणि काडेपेटीतल्या काडीची गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी लक्षात ठेवलेली. पुडीत सफरचंदाचे तीन देठ होते, काड्यांएवढे, तपकिरी रंगवलेले, टोकाला किंचित वाकवलेले. भोक केवढं असेल ते माहीत नाही म्हणून तीन जाडीचे.

"किती झाले याचे?" मी विचारलं.

"देठाचे कोण पैशे घेता?" त्या म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "काय व्हया?"